१२१ पराभवांची वही

श्री. जस्टिन इशबिया यांस,


तुमची माझी ओळख नाही. मी शिकागोच्या दक्षिण भागात, ब्रिजपोर्टात राहतो. मूळचा मिरजेचा. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करतो, आणि गेली सत्तावीस वर्षं व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा माणूस आहे. जून २०२५ मध्ये बातमी आली, की मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडून संघाची सूत्रं पुढेमागे तुमच्याकडे येणार. २०२९ ते २०३३ या काळात त्यांनी मनावर घेतलं तर तेव्हा, नाहीतर २०३४ च्या हंगामानंतर ती मागण्याचा हक्क तुमचा. त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. आता २०२५ चा हंगाम संपला, झाडं उघडी पडायला लागली, संध्याकाळी रेडिओवर ऐकायला काही उरलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

मराठीत लिहितोय, कारण राग आणि माया या दोन्ही गोष्टी मला याच भाषेत धड बोलता येतात. शिकागोत मराठी माणसं भरपूर आहेत, कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला. शिवाय मिरजेकडची आमची माणसं मला नेहमी विचारतात, की क्रिकेट सोडून या खेळात तुझा जीव कसा अडकला, आणि अडकायचाच होता तर हरणाऱ्या संघात का? त्यांनाही एकदाचं उत्तर मिळेल.

१९९८ साली मी इथे भाड्याने राहायला आलो. मैदान घरापासून पायी वीस मिनिटांवर. रात्री आपल्या कुणी होमरन मारला की स्कोअरबोर्डावरचे फटाके माझ्या खिडकीतून दिसायचे. खालच्या मजल्यावर घरमालक एकटे राहायचे. आईवडील लिथुआनियातून आलेले, स्वतः तरुणपणी युनियन स्टॉकयार्डात गुरं हाकलेले. मी त्यांना काका म्हणायला लागलो. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला, आणि मग शेजारीपाजारी स्वतःची ओळखही 'काका' अशीच करून द्यायला लागले. उन्हाळ्यात संध्याकाळी ते पायऱ्यांवर रेडिओ घेऊन बसायचे, मांडीवर वही आणि कानाला पेन्सिल.

माझे वडील मिरजेत क्लबच्या सामन्यांचा स्कोअर लिहायचे. सीमारेषेबाहेर एक टेबल, पानं उडू नयेत म्हणून वहीवर ठेवलेला दगड, आणि प्रत्येक षटक संपलं की पलीकडच्या संघाच्या स्कोअररशी पडताळा. त्यामुळे काकांची वही दिसली आणि मी पायरीवर बसलोच. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, शॉर्टस्टॉप ६. बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी 'के' अक्षर लिहायचं, आणि तिसऱ्या स्ट्राइकला त्याने बॅटच फिरवली नसेल तर तेच अक्षर उलटं. मला खेळ कळायच्या आधी खेळ लिहिता यायला लागला.

काका जुन्या गोष्टी सांगायचे. २२ सप्टेंबर १९५९ ला सॉक्सने चाळीस वर्षांनी अमेरिकन लीग जिंकली, त्या रात्री अग्निशमन आयुक्तांनी शहरभर हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले. रशियाने हल्ला केला असं वाटून कितीतरी लोक घाबरून गेले. काका त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे. भोंगे वाजले तेव्हा ते रस्त्यावर नाचत होते, आणि हे सांगताना सत्तरीतही त्यांचे पाय पायरीवर हलायचे.

मग २००५. वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना ह्यूस्टनला, २६ ऑक्टोबरची रात्र, धावफलक १-०. शेवटचा चेंडू हुआन उरिबेने पुढे धावत येऊन उचलला आणि पॉल कोनर्कोकडे फेकला. काकांनी वहीत ६-३ लिहिलं. ते पान माझ्यासमोर आहे. पेन्सिल इतकी दाबली गेलीय की तीनच्या खालच्या टोकाला कागद फाटलाय. १९१७ नंतर ८८ वर्षांनी संघाने जग जिंकलं होतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन आईचा फोटो घेऊन आले आणि रेडिओशेजारी ठेवला.

हे राइन्सडॉर्फ यांच्याच कारकिर्दीत झालं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. १९८१ पासून संघ त्यांच्याकडे आहे. २००५ मिळालं म्हणून आमच्यातल्या किती म्हाताऱ्या माणसांनी समाधानाने डोळे मिटले, हे मी पाहिलंय. काका २०२२ च्या जानेवारीत गेले. आदल्या हंगामात संघाने ९३ सामने जिंकले होते, गटात पहिला आला होता. टिम अँडरसन, लुईस रॉबर्ट, एलॉय हिमेनेझ, योआन मोंकाडा, सगळी तरणी पोरं. आता पाच-सहा वर्षं बघायला नको, असं काका म्हणायचे. वह्यांचं खोकं त्यांच्या मुलीने मला आणून दिलं.

पुढचं काकांना बघावं लागलं नाही. २०२२ मध्ये ८१ विजय, ८१ पराभव. २०२३ मध्ये १०१ पराभव. आणि मग २०२४.

त्या वर्षीची वही मी लिहिलीय. जमेल तेव्हा मैदानात बसून, नाहीतर रेडिओ ऐकत, कामावर असलो तर सकाळी घरी येऊन रेकॉर्डिंग लावून. १६२ च्या १६२ सामने. बायको म्हणाली, कशाला स्वतःला त्रास करून घेतोस? मी म्हटलं, घरात कुणी आजारी असलं की आपण रोज ताप लिहून ठेवतोच ना.

पहिलं पान २८ मार्चचं. घरचं मैदान, समोर डेट्रॉइट. गॅरेट क्रोशे मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदाच सामन्याची सुरुवात करत होता. सहा डाव टाकले, एकच धाव दिली, आठ बॅटर स्ट्राइकआउट केले. हरलो १-०. मी खाली समासात लिहिलंय, 'पोरगं सोनं आहे.' पहिल्या २५ सामन्यांत तीन विजय. मे महिन्याच्या २२ पासून सलग १४ पराभव. जुलैच्या १० पासून सलग २१, म्हणजे अमेरिकन लीगमधल्या सर्वात लांब पराभवमालिकेची बरोबरी. याआधी १९८८ मध्ये बाल्टिमोरवर ती वेळ आली होती.

त्यातलं २३ मेचं पान नीट बघण्यासारखं आहे. समोर बाल्टिमोरच. नववा डाव, आम्ही ८-६ ने मागे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर माणसं, एक बाद. आमच्या बेनिनटेंडीने चेंडू उंच उडवला, शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर. अशा वेळी अंपायर 'इनफिल्ड फ्लाय' पुकारतात, म्हणजे झेल घेतला किंवा सुटला तरी बॅटर बाद. तसं पुकारलं. दोन बाद. झेलही आरामात घेतला गेला. पण दुसऱ्या बेसकडे परत फिरणारा अँड्र्यू व्हॉन शॉर्टस्टॉपच्या वाटेत आला असं ठरवून अंपायरने त्यालाही बाद दिलं. तीन बाद, सामना संपला. व्हॉनला आधी कळलंच नाही की काय झालं. मी मैदानात होतो. शेजारच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या वहीत डोकावून विचारलं, "हे तू लिहिणार कसं?" चौकोन केवढासा. मी ६ लिहिलं, त्याभोवती गोल काढला, आणि बाकीचं पानाच्या मागे लिहिलं. त्या वर्षी पानांच्या मागे बरंच लिहावं लागलं.

६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ती मालिका तुटली, ५-१. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, मी प्रयोगशाळेत होतो, एका कानात रेडिओ. शेवटचा बॅटर बाद झाला आणि मी नमुन्यांचा ट्रे खाली ठेवून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. दोनच दिवसांनी मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काढलं. तोवर २८ विजय, ८९ पराभव. उरलेला हंगाम ग्रेडी साइझमोर यांनी सांभाळला.

इशबियासाहेब, त्या ओकलंडची एक गोष्ट मला झोपू देत नाही. ओकलंडच्या संघाचा तो तिथला शेवटचा हंगाम होता. ५७ वर्षांनी मालक संघ उचलून घेऊन गेले. आधीची दोन-तीन वर्षं तिथली माणसं हिरव्या सदऱ्यांवर 'विका' असं लिहून स्टँडमध्ये ओरडत होती. आमचा पराभव संपला त्या रात्री समोर असे लोक बसले होते, ज्यांना हरायलाही पुढच्या वर्षी संघ उरणार नव्हता. आमच्या गावाला ही भीती नवी नाही. १९८८ मध्ये सॉक्स फ्लोरिडाला जायला निघालेच होते. ३० जूनच्या मध्यरात्री इलिनॉयच्या विधिमंडळात घड्याळ थांबवून ठेवलं आणि नव्या मैदानासाठी सरकारी पैशाचा कायदा मंजूर केला. १९९१ मध्ये उभं राहिलेलं ते मैदान लोकांच्या पैशाचं आहे. त्याचा वरचा मजला इतका उंच आणि उभा निघाला की पुढे सर्वात वरच्या आठ रांगा काढून टाकाव्या लागल्या. त्याचा करार २०२९ मध्ये संपतो. आणि २०२४ च्या सुरुवातीला, हंगाम तोंडावर असताना, बातम्या आल्या, की साउथ लूपमध्ये नवं मैदान हवंय आणि त्यासाठी सरकारकडून सुमारे एक अब्ज डॉलर हवेत. मग आम्ही ते १२१ पराभव पाहिले.

आता सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं.

न्यू यॉर्क मेट्सने १९६२ मध्ये १२० सामने गमावले होते, आधुनिक काळातले सर्वात जास्त. तो त्यांचा जन्मापासूनचा पहिला हंगाम होता, इतर संघांनी सोडून दिलेली माणसं गोळा करून केलेला संघ. आमचा संघ १९०१ पासूनचा. २२ सप्टेंबरला सॅन डिएगोत आमचेही १२० झाले. घरी आलो तेव्हा लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्ध तीन सामने बाकी होते. मंगळवारी, २४ तारखेला, मी मुलीला घेऊन गेलो. इतिहास बघायला कितीतरी लोक आले होते. काहींना आम्ही हरायला हवे होतो. आमच्या पुढच्या रांगेत दोन तरुण मुलं बसली होती, चेहरा झाकायला डोक्यावर कागदी पिशव्या. एंजल्स २-० ने पुढे. 'सेल द टीम', संघ विका, अशा घोषणा एका कोपऱ्यातून सुरू झाल्या आणि मैदानभर फिरल्या.

आठव्या डावात आम्ही तीन धावा काढल्या. त्या अख्ख्या वर्षात सातव्या डावानंतर मागे असताना आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. बेनिनटेंडीच्या फटक्यावर पुढे गेलो तेव्हा समोरच्या त्या दोघांपैकी एकाने पिशवी डोक्यावरून काढली. तो रडत होता. त्याच्या मित्राने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघंही उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, हातात चुरगळलेल्या पिशव्या तशाच. माझी मुलगी चौदा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, हे तर हरण्यासाठी आले होते ना?"

मी तिला काय सांगणार होतो? त्या मुलांचा राग संघावर नव्हताच. सहा महिने रोज हरणाऱ्या घरात राहून त्यांनी मन घट्ट करून घेतलं होतं. हरायचंच असेल तर निदान ते डोळ्यांसमोर होऊ दे, निदान वर बसलेल्यांना त्याचा आवाज ऐकू जाऊ दे, एवढंच त्यांना हवं होतं. आणि एक फटका बसला की सगळं विरघळलं. दुसऱ्या दिवशी दहाव्या डावात जिंकलो, गुरुवारी ७-० ने. एंजल्सचा पुरता धुव्वा. १२१ वा पराभव शुक्रवारी डेट्रॉइटमध्ये झाला, ४-१. त्याच रात्री डेट्रॉइट प्लेऑफमध्ये पोहोचलं, त्यांचे खेळाडू मैदानात नाचत होते, आमची पोरं पायऱ्यांवर बसून बघत होती. त्या रात्रीही सुरुवात क्रोशेनेच केली होती. चार डाव, एकही धाव दिली नाही. पहिल्या पानावर तो, या पानावरही तो. पुढचे दोन सामने आम्ही जिंकलो. ४१ विजय, १२१ पराभव. शेवटच्या सहा सामन्यांत पाच विजय. कुणाला ते आठवत नाही, पण वहीत आहेत.

आमच्यासारख्या माणसाला काय हवं असतं, याबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. त्यांना वाटतं आम्हाला विजय हवेत. हवेतच. पण वर्षानुवर्षं हरलेल्या संघाचे लोक हरायला घाबरत नाहीत. काकांनी १९५९ ते २००५ अशी ४६ वर्षं काढली. त्यांना हवं होतं, की आपण ज्या गोष्टीसाठी पायरीवर झुरतोय, तिच्यासाठी वरच्या मजल्यावरही कुणाची झोप उडालीय, एवढं दिसावं. सप्टेंबर २०२४ मध्ये मालकांकडून एक लेखी निवेदन आलं, सगळेच नाखूश आहेत अशा आशयाचं. मी ते दोनदा वाचलं. त्यात आमचं दुःख कुणी वाटून घेतल्याचं मला जाणवलं नाही. राइन्सडॉर्फ यांना दुःख झालं नसेल असं मी म्हणणार नाही, नव्वदीला आलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे मला कसं कळणार? पण ते आमच्यापर्यंत पोहोचलं नाही. ते पोहोचवणं हे मालकाचं कामच आहे असं मला वाटतं.

तुम्ही हिशेबातला माणूस आहात, म्हणून हाही हिशेब सांगतो. वर्ल्ड सिरीज जिंकल्यानंतरच्या वर्षी, २००६ मध्ये, या मैदानात २९ लाखांहून जास्त लोक आले. २०२४ मध्ये १४ लाखसुद्धा नाही. कमी झालेले पंधरा लाख कुठे गेले हे कुणी शोधलं का? ते मेलेले नाहीत. ते घरात बसलेत, रेडिओ बंद करून. रेडिओ बंद झाला की नातवाला आजोबांच्या मांडीवर बसून काही ऐकू येत नाही. मी स्वतः मिरजेहून येऊन या खेळात रुजलो तो एका रेडिओमुळे आणि एका वहीमुळे. तिकीट नंतर काढलं.

एवढं हरून हाताला काय लागलं, तेही बघा. बेसबॉलमध्ये वाईट संघाला नव्या खेळाडूंच्या पुढच्या निवडीत वरचा नंबर मिळतो, तेवढाच दिलासा असतो. पण शिकागो हे मोठ्या बाजारपेठेचं शहर, म्हणून नियमाप्रमाणे लागोपाठ दोन वर्षं वरच्या नंबरांच्या सोडतीत राहता येत नाही. १२१ पराभवांनंतर आम्हाला २०२५ मध्ये दहावा नंबर मिळाला. आणि क्रोशे गेला बोस्टनला. त्या व्यवहाराचं मला फार वाईट वाटलं. पण आज शांतपणे सांगतो, तो वाईट व्यवहार नव्हता. त्याने तिकडे २०२५ मध्ये २५५ स्ट्राइकआउट केले, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक. मी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच्या बदल्यात आलेला काइल टील आमच्या होम प्लेटमागे उकिडवा बसला की माझी मुलगी त्याच्यासाठी ओरडते. कोल्सन मॉंटगोमेरीने ७१ सामन्यांत २१ होमरन मारले. शेन स्मिथला मिलवॉकीने मोकळा ठेवला होता, आमच्याकडे येऊन तो पहिल्याच वर्षी ऑलस्टार झाला. २०२५ मध्ये १०२ पराभव झालेच. पण वही लिहिताना हात जड पडला नाही. पोरं नवव्या डावातही बेसकडे जीव खाऊन धावत होती. ज्यांना सगळं संपलंय असं वाटतं ती माणसं तशी धावत नाहीत.

मे महिन्यात पोप लिओ निवडून आले तेव्हा आमच्या गल्लीत केवढा आनंद झाला! शिकागोचे आणि सॉक्सचे. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याला ते स्टँडमध्ये बसलेले, जुन्या चित्रफितीत दिसतात. चेहऱ्यावर नुसती काळजी. मला त्यांच्याबद्दल त्या दिवसापासून जवळीक वाटते, कारण तो चेहरा मी ओळखतो. २००५ मध्येही, जिंकत असतानाही, आम्ही सगळे असेच दिसायचो.

तुम्ही मालक व्हाल तेव्हा मैदान कुठे बांधायचं, पैसा कुठून आणायचा, हे तुम्ही आणि सरकार ठरवाल. मला त्यातलं फारसं कळत नाही. फक्त ३५ व्या रस्त्यावरून हे मैदान हललं, तर ब्रिजपोर्टच्या पायऱ्यांवरून फटाके दिसणार नाहीत, एवढं माहीत आहे. आणि संघच शहरातून हलला, तर ओकलंडच्या त्या माणसांची रात्र आमच्या वाट्याला येईल. तसं होऊ देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

दुसरं मागणं लहान आहे. मालकीचे कागद व्हायला अजून काही वर्षं आहेत, तोवर तुम्हाला मोकळा वेळ मिळेल. पुढच्या एप्रिलमध्ये एखाद्या मंगळवारी, थंडीत, समोर नामांकित संघ नसताना, वरच्या मजल्यावर या. मालकांच्या काचेच्या खोलीत नको. आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला बसतो, मी आणि मुलगी. गेल्या वर्षी पिशवी काढणारा तो मुलगा आता कधीकधी आमच्याच रांगेत येतो. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही, पण तो आला की मान हलवतो. वरती वारा फार असतो, टोपी आणा.

वही माझ्याकडे असेल. काकांची २००५ ची पण आणेन, फाटलेलं पान तुम्हाला दाखवायला. पेन्सिली दोन घेऊन येतो.

आपला,
ब्रिजपोर्टमधला एक सॉक्सवाला
ऑक्टोबर २०२५